मुकुटबनच्या पुढे, शेतातल्या डीपीवर

दिवाळी झाली की आमच्या पॉलिटेक्निकमधले सहकारी कोकणात, केरळात, गेला बाजार चिखलदऱ्याला तरी जातात. मी यंदा मुकुटबनला गेले. हौसेनं तिकडे कोणी जात नाही, मीही गेले नाही. परीक्षेचे पेपर तपासून मान धरली होती आणि आठ दिवस नुसतं झोपायचा बेत होता. पण ताईचे फोन थांबेनात. दुपार झाली की फोन. "मंदा, डीपी उडाली वं. मशीन बंद पडली. सिलिंडर लावला आता."

मशीन म्हणजे भाऊजींचं ऑक्सिजनचं मशीन. त्यांचा जन्म जिनिंगमध्ये गेला, उडत्या रुईत. कापूस सरकीपासून वेगळा होताना जे उडतं, ते वर्षानुवर्षं छातीत गेलं. आता नाकात नळी लावल्याशिवाय त्यांना खोलीच्या दारापर्यंतही जाता येत नाही. मशीन विजेवर चालतं. वीज गेली की सिलिंडर, आणि सिलिंडर भरून आणायचा तर वणी गाठावी लागते. मी दिलेला इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी भरायलाही वीजच लागते ना, ती कायम उतरलेली! तेव्हा मी ठरवलं, जायचं आणि दोघांना उचलून अमरावतीला घेऊन यायचं. ताईला फोनवर सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तिनं मला येऊच दिलं नसतं.

तर हे त्या प्रवासाचं वर्णन. धबधबा नाही, किल्ला नाही, सूर्यास्ताचे फोटो नाहीत. पंधरा वर्षं मुलांना ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, शिकवणारी बाई त्याच ग्रीडच्या शेंड्यावर जाऊन काय बघून आली, एवढंच. ज्यांना असल्या गोष्टीत रस नाही त्यांनी आलूबोंड्याचा परिच्छेद वाचावा आणि सुटावं.

सकाळची अमरावती–यवतमाळ एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे निम्मी बस बायकांची असते आणि कंडक्टर निम्मा वेळ सुस्कारे सोडत असतो. नेरला बस थांबली. कापसाच्या गाड्या बाजाराकडे रांगेनं चालल्या होत्या, स्टँडवर चहा कपात कमी आणि बशीत जास्त मिळाला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोठी चालली?" म्हटलं, मुकुटबन. "माय वं," ती म्हणाली, "मंग तं दिवस गेला तुह्या." तो खरंच गेला.

यवतमाळच्या स्टँडसमोर आलूबोंडा खाल्ला. तो कोरडा खायचा नसतो. ताटलीत बोंडा कुस्करून वरून लाल तर्रीचा रस्सा, कांदा आणि जमलं तर मूठभर शेव. एका प्लेटमध्ये दुपारपर्यंतची सोय होते आणि खिशाला कळतही नाही. पुढच्या बसला वेळ असेल तर स्टँडच्या आतल्या बाकावर बसा, बाहेर ऑटोवाले तुम्हाला बसू देणार नाहीत. मुकुटबनला मुक्कामाची सोय नाही असंच धरून चाला, नातेवाईक नसतील तर वणीत लॉज बघा.

यवतमाळहून वणीची बस करंजी, मारेगाव करत जाते. खिडकीबाहेर फुटलेला कापूस, मध्ये तुरीचे पट्टे, आणि वरून उच्चदाबाच्या तारांचे मनोरे. माझ्या पुढच्या सीटवरचे एक आजोबा नातीला सांगत होते, "याच्यातून आपल्या घरी लाईन येते." मला मागून बोलायचा मोह आवरला नाही, हा माझा शिक्षकी रोग आहे. म्हटलं, "आजोबा, ही आपल्या घरी नाही येत. ही नॉनस्टॉप गाडी आहे." ते हसले. पण खरंच तसं आहे. वीज लांब न्यायची तर दाब खूप वाढवून न्यायची, म्हणजे वाटेत तारा तापून कमी वाया जाते. मग मोठ्या उपकेंद्रात दाब उतरवायचा, लहान उपकेंद्रात आणखी उतरवायचा, तिथून अकरा हजारांची लाईन खांबाखांबांवरून गावोगाव, आणि शेवटी शेतातला ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळा विदर्भ डीपी म्हणतो. ज्याच्या डोक्यावरून मनोरे जातात त्याच्या घरात उजेड असेलच असं नाही.

वणी जवळ आली की रस्ता काळा होतो. कोळशाचे ट्रक. खिडकी लावली तर घुसमट, उघडली तर रुमाल काळा. इथला कोळसा वीज तयार करायला जातो आणि त्याची वीज राज्यभर फिरून उरलीसुरली इथे परत येते. मी वर्गात हे सांगताना आवाज चढवते. त्या दिवशी बसमध्ये मला फक्त झोप येत होती.

वणीहून मुकुटबन, मुकुटबनच्या पुढे शेअर ऑटोनं थोडं आणि मग धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, पायी. ताईचं घर गावात नाही, शेतात आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. गावठाणाची लाईन वेगळी, शेतीची लाईन वेगळी. गावात दिवे बऱ्यापैकी टिकतात. शेतीच्या लाईनवर तीन फेज मोजक्याच तासांपुरत्या येतात, बहुतेक दुपारी, पण नेमक्या वेळेचा भरवसा नाही. एरवी एकच फेज, तिच्यावर घरातला पंखा आणि भाऊजींचं मशीन चालतं, विहिरीवरची मोटर नाही चालत.

"जयभीम, मंदाबाई," भाऊजी खाटेवरून म्हणाले आणि दम घ्यायला थांबले. त्यांचं एकेक वाक्य आता दोन-तीन हप्त्यांत येतं. "अचानक... कशी काय?"

"पाहुणचाराला," मी म्हटलं.

ताईनं माझ्या मोठ्या रिकाम्या बॅगेकडे पाहिलं आणि ती चुलीकडे वळली. ती लहानपणापासून अशीच आहे, समजलेलं सगळं पोटात.

भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी पुढ्यात आली तेवढ्यात बाहेर मोटरींचा आवाज सुरू झाला. एक नाही, चोहीकडून एकदम. घरातला बल्ब पिवळा पडला, पंखा मंदावला, मशीन टी टी करत ओरडायला लागलं आणि सगळंच गप्प झालं. ताई उठली. ताट बाजूला, सिलिंडरची चावी फिरवली, नळी काढली, लावली. तिचे हात इतके सराईत झाले होते की मला रडू आलं. मी आयुष्यभर फळ्यावर ज्याला व्होल्टेज ड्रॉप म्हणत आले, ते भाऊजींच्या ओठांवर निळसर होऊन दिसत होतं.

"आता भरा सामान," मी म्हटलं. "दोघंही चला. आमच्याकडे हे असलं नाही."

"मी... नाही येत," भाऊजी म्हणाले.

"काहून नाही येत?"

"तिथं... मी काय करू? भिंत पाहू?"

ताई मध्ये पडली. "मले बी नको नेऊस वं. हरभरा पेरला, कापूस उभा हाय. अन् यायले फ्लॅटमधी कोंडून ठेवू?"

मी चिडले. चिडण्याइतकी तरी ताकद उरली होती. म्हटलं, दोन दिवस पाहते. असंच चाललं तर तुमचं ऐकणार नाही. भाऊजींनी हात वर केला, म्हणजे कबूल.

संध्याकाळ व्हायच्या आत वायरमन आला. टेकाम नावाचा, चाळिशीतला, मोटारसायकलवर बांबू आडवा बांधलेला. त्याच्याकडे किती गावं आहेत विचारलं तर म्हणाला, "मोजली तं झोप येत नाही, मॅडम." डीपीची पेटी उघडून त्यानं मला जळालेला फ्यूज दाखवला. आधी कोणीतरी त्यात एकाऐवजी चार तारा पिळून जाड फ्यूज घातला होता, म्हणजे उडूच नये. फ्यूज उडतो तो बिचारा आपलं काम करत असतो. तो उडाला नाही तर डीपी जळते, आणि जळालेली डीपी बदलून यायला किती आठवडे लागतील ते कोणी सांगू शकत नाही.

"काहून उडतो रोज?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी त्याच्या तोंडून हवं होतं.

"ऑटो," तो म्हणाला. "सारेच ऑटो लावून बसले. सांगून सांगून तोंड दुखलं माह्यं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑटो ही एक लहानशी डबी असते, मोटरच्या स्टार्टरला जोडतात. तीन फेज आल्या की ती आपोआप मोटर सुरू करते. लाईन कधी येईल, कधी जाईल याचा नेम नाही, मग विहिरीवर राखण करत कोण बसेल? प्रत्येकाच्या दृष्टीनं अगदी शहाणपणाची वस्तू. पण मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. भरलेली बैलगाडी चालायला लागली की बैलांना फार जड जात नाही, जागची हलवतानाच त्यांचे गुडघे टेकतात. एक मोटर सुरू झाली तर डीपी सोसते. सगळ्या एकाच क्षणी सुरू झाल्या की फ्यूज जातो. टेकाम येऊन फ्यूज घालतो, लाईन देतो, आणि त्या सगळ्या डब्या पुन्हा एकाच क्षणी टक्क करतात.

राज्याच्या ग्रीडवरही दुखणं हेच असतं, फक्त मोठं. वीज साठवून ठेवायला धान्यासारखी पेवं नाहीत. जितकी लागते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. मागणी एकदम उसळली की सगळ्या यंत्रांची गती पडायला लागते, आणि सगळंच कोसळू नये म्हणून कोणाची तरी लाईन तोडावी लागते. मोठ्या ग्रीडवर एक माणूस पडद्यासमोर बसून सांगतो, तू वाढव, तू थांब, आता तू. शेतातल्या डीपीवर असं सांगणारं कोणीच नसतं.

मी टेकामला म्हटलं, चला, सगळ्या पेट्या बघू. उजेड होता तोवर विहिरी विहिरी हिंडलो. पायाला काटे लागले, साडीला लांडगे म्हणतात ती काटेरी कुसळं चिकटली. प्रत्येक पेटीत ऑटो. प्रत्येक मालक म्हणे, "मी काढला अन् त्यानं नाही काढला, मंग माह्या वावरात पाणी कोण देईन?" शेवटची विहीर उरली, टेकाम तिकडे जायला तयार होईना. "राहू द्या मॅडम," म्हणाला. मीच पेटी उघडली. त्यातही ऑटो होता. विहीर ताईची होती.

मी घरी येऊन ताईला विचारलं तेव्हा माझा आवाज चांगला नव्हता. ती पीठ मळत होती.

"तुला माहीत आहे ना, यानंच फ्यूज उडतो? यानंच भाऊजींचं मशीन बंद पडतं?"

"माहीत हाय."

"मग?"

"मंग काय? विहिरीवर बटन दाबाले मी गेली, तं यायच्यापाशी कोण बसन?" ती मळत राहिली. "जायाले इतका वेळ, याले इतका वेळ. एक डाव अशीच गेलती, तं नळी निसटली होती. तवा शेजारच्या रशीदभाईनं हा ऑटो आणून लावला. पैसे बी नाही घेतले."

नवऱ्याला सोडून जायला नको म्हणून लावलेली डबी रोज दुपारी त्याच नवऱ्याचा श्वास तोडत होती, आणि तिला ते ठाऊक होतं. तिनं दोन्हीतलं एक निवडलं होतं. मी फळ्यावरची बाई, मला तिच्या जागी दुसरं काय सुचलं असतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीपीखाली लोक जमले. रशीदभाईही आले. त्यांचं मुकुटबनात मोटरी भरायचं दुकान आहे, जळालेल्या मोटरीचं वायंडिंग ते करतात, आणि ताईच्या शेजारी त्यांचं वावर आहे, याच डीपीवर. मी त्यांच्यावरच घसरले.

"तुम्हीच विकता ना हे ऑटो?"

"हाव," ते शांतपणे म्हणाले. "ऑटो बी मीच लावतो, जळाली मोटर बी मीच भरतो. क्या करूं बाई, लोक मागते. नाही लावला तं वणीहून आणते."

मग वादावादी. एकाचं बोट दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं तिसऱ्याकडे. पंगतीत बसल्यासारखं झालं होतं, पहिल्यांनी ताटं भरून घ्यायची आणि शेवटच्याला बादलीतलं पाणी. मी भाषण सुरू केलं, ते कोणी ऐकत नव्हतं. इतक्यात ताई धुऱ्यावरून आली. तिच्या पदरात डबी होती, तारा लोंबत होत्या. तिनं ती डीपीच्या ओट्यावर ठेवली.

"हा माह्या," ती म्हणाली. "घरी मंदाले बसवून आली असती, तं थे इथं भाषण देऊन राह्यली. यायच्यापाशी कोणी नाही. मी चालली." आणि ती खरंच भराभर परत गेली.

रशीदभाई आपल्या विहिरीकडे गेले आणि पेचकस घेऊन आपला ऑटो काढून आले. मग बाकीचे, कुरकुरत. त्यांच्यातल्या दोघांनी तरी घरी दुसरा ठेवला असणार, अशी माझी खात्री आहे.

दुपारी लाईन आली. सगळे बटणाकडे धावले आणि हातानं का होईना, तीन-चार मोटरी बरोबरच सुरू झाल्या. बल्ब पिवळा पडला. मशीन एकदा ओरडलं आणि सावरलं. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते.

"रशीदची... अन् पाटलाची... संग लागली," ते म्हणाले. "तिसरी... खालच्या वावरातली."

जिनिंगच्या माणसाचा कान. वर्षानुवर्षं यंत्रांच्या गोंगाटात कुठलं अडकलं हे ओळखत आलेला. मला ते लागलीच सुचलं असं नाही, ताईला सुचलं. "मंग तुमीच सांगा ना एकेकाले," ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी कपाळावर हात मारून घेतला. "बोलनार कसे, दम कोठी हाय?"

"मिस कॉल," भाऊजी म्हणाले.

एवढंच. फोन हातात, बोलायचं नाही. लाईन आली की पहिल्याला मिस कॉल. त्याची मोटर लागून आवाज स्थिर झाला की दुसऱ्याला. मोठ्या मोटरी आधी, लहान मागून, हा क्रम मी लावून दिला, तेवढी माझी विद्या कामी आली. रशीदभाईंनी आपली लावली की येता येता ताईचंही बटण दाबायचं, हे त्यांनी आपणहून घेतलं. तिसऱ्या दुपारी मी खाटेशेजारी बसून ते बघितलं. नळी लावलेला माणूस, छातीवर साधा फोन, अंगठा बटणावर. एक मोटर घुमली. ते थांबले, मान किंचित हलवली, अंगठा दाबला. बल्ब नुसता लवला, पडला नाही. सगळ्या लागल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पाळीवरून सुटलेला कामगार पाहतो.

मग मी बॅगेचा विषय काढलाच नाही. माझं मन मात्र स्वच्छ नव्हतं. डीपीवर एका माणसाचा अंगठा पुरला, पण मागे उपकेंद्र आहे, तिथून पुढची लांबच लांब लाईन आहे, वादळात पडणारं झाड आहे. तिथे मिस कॉल चालत नाही. वणी–यवतमाळ–अमरावती, परतीचा सगळा प्रवास मी रिकामी बॅग पायाशी घेऊन केला आणि हेच घोकत राहिले की मी त्यांना आणायला हवं होतं. नेरला चहाही घेतला नाही.

घरी येऊन कॉलेज सुरू झालं. ताईचे दुपारचे फोन कमी झाले. एकदा उपकेंद्रावरून लाईन गेली, एकदा कोणीतरी गुपचूप ऑटो परत लावला आणि सगळ्यांनी मिळून त्याला शिव्या घातल्या. बाकी ठीक. टेकामनं म्हणे पलीकडच्या डीपीवरही असं कोणी बसवता येईल का विचारलं होतं. तिथे खाटेवर पडलेलं कोणी नव्हतं, म्हणून राहिलं.

थंडी सरता सरता रशीदभाईंचा फोन आला. "बाई, दादा गेले." झोपेत गेले, जेवणानंतर. मशीन चालू होतं, नळी जागेवर होती. ताईला वाटलं डोळा लागला असेल, म्हणून तिनं हलवलं नाही.

मी एवढंच विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"आमाले?" ते म्हणाले. "लाईन आल्ती ना, बाई. पुरी थ्री फेज. सगळे आपापल्या विहिरीवर उभे, फोन हातात. एकानं बी बटन नाही दाबलं. लय वेळ. मंग मीच घराकडे गेलो पाहाले."